कर्णबधिर ज्येष्ठांसाठी प्रवेशसूचना व्यवस्था

कर्णबधिर ज्येष्ठांसाठी प्रवेशसूचना व्यवस्था म्हणजे दाराशी कोणी आले आहे हे ऐकू न येणाऱ्या वृद्ध व्यक्तीला ते दृष्टीने किंवा स्पर्शाने कळावे, आलेला माणूस कोण आहे हे ओळखता यावे आणि त्याला आत घेता यावे यासाठी केलेली साधनांची व नियमांची योजना होय. स्वतंत्र घरात ही गरज बहुधा एका दिव्याने भागते. सहकारी गृहनिर्माण संस्था, वृद्धाश्रम किंवा इंग्लंडमधील शेल्टर्ड हाउसिंग प्रकारच्या वसाहती यांत मात्र रस्त्यावरचे मुख्य प्रवेशद्वार सर्वांना सामाईक असते. तेथे पाहुण्याला दोन दारे ओलांडावी लागतात आणि त्यांपैकी पहिले दार बहुतेक वेळा केवळ आवाजावर चालते.

घंटी ऐकू न येणे ही वरवर किरकोळ वाटणारी अडचण आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे औषधे घेऊन आलेला माणूस परत जातो, भेटीस आलेले आप्त घरात कोणी नाही असे समजून निघून जातात आणि कोणी येणार असेल त्या दिवशी वृद्ध व्यक्ती दाराकडे डोळे लावून तासन्‌तास बसून राहते. काही जण कंटाळून दाराला कडी लावणेच सोडून देतात. आई किंवा वडील एकटे राहू शकतील की नाही, याचा निर्णय कुटुंबीय अनेकदा दार उघडले न गेल्याच्या अशा एखाद्या प्रसंगावरून करतात. त्यामुळे हा विषय घंटीपुरता मर्यादित राहत नाही.

वार्धक्य आणि श्रवण

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील २५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात बाधा आणणारा श्रवणऱ्हास असतो. वार्धक्यजन्य श्रवणऱ्हास सहसा दोन्ही कानांत आणि हळूहळू होतो. त्यात उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक व तीव्र सुरांचे ध्वनी प्रथम नाहीसे होतात. खर्जातील ध्वनी दीर्घकाळ ऐकू येत राहतात. म्हणूनच बाजारात लोकप्रिय असलेली पक्ष्यांच्या किलबिलाटाची इलेक्ट्रॉनिक बेल वृद्धांच्या दृष्टीने अगदी चुकीची निवड ठरते. ज्या आजोबांना ती मुळीच ऐकू येत नाही, त्यांना धातूच्या पट्ट्यांवर ठोका पडणारी जुन्या पद्धतीची ‘डिंग-डाँग’ बेल पुष्कळदा ऐकू येते. बेलचा आवाज नुसता वाढविल्याने फारसे साधत नाही. शेजाऱ्यांना त्रास मात्र होतो.

शब्द न कळण्याचे कारणही हेच आहे. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः उच्च वारंवारतेवर अवलंबून असते. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वाहून नेतो आणि साध्या इंटरकॉमची गुणवत्ता त्याहून चांगली असतेच असे नाही. वृद्ध व्यक्तीला समोर कोणीतरी बोलत आहे एवढे कळते, पण ‘कुरियर’ म्हटले की ‘कुलकर्णी’, हे उमगत नाही. समोरासमोर ओठांच्या हालचालींवरून आणि हावभावांवरून मिळणारी मदत इंटरकॉमवर नसते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचाही प्रश्न पूर्णतः सुटत नाही. झोपताना आणि अंघोळीच्या वेळी यंत्र काढून ठेवावे लागते, दुपारच्या विश्रांतीत ते अनेकांना नकोसे होते आणि बॅटरी संपण्याची वेळ कधी सांगून येत नाही.

व्यवस्था निवडताना व्यक्ती जन्मतः किंवा बालपणापासून कर्णबधिर आहे की उतारवयात तिची श्रवणशक्ती गेली आहे, हे पाहणे आवश्यक असते. पहिल्या गटातील अनेक जण सांकेतिक भाषा वापरतात, दिव्याच्या इशाऱ्याची त्यांना आयुष्यभराची सवय असते आणि घरात हालचाल झाली की तिकडे नजर टाकण्याची लकबही असते. दुसऱ्या गटातील व्यक्ती अजूनही आवाजाची वाट पाहत असते. दिवा लुकलुकला तरी ‘वीज कमी-जास्त होते आहे’ असे समजून ती दुर्लक्ष करते. या गटाला साधनाइतकीच सरावाची गरज असते.

पूर्वपीठिका

विजेपूर्वीच्या काळात पाश्चात्त्य देशांतील काही कर्णबधिरांच्या घरी बाहेरचा दोर ओढला की आत एखादे वजन जमिनीवर पडावे अशी युक्ती केलेली असे. लाकडी जमिनीला बसलेला हादरा पायांना जाणवे. (शहाबादी फरशीच्या किंवा सिमेंटच्या स्लॅबच्या घरात ही युक्ती चालली नसती.) अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकाच्या साहाय्याने लांब तारेच्या दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखविली. विजेची दारघंटी याच तत्त्वावर चालते. घरोघरी वीज आल्यावर जी कळ दाबून घंटा वाजते, तीच दाबून दिवाही लावता येतो, ही सोपी गोष्ट कर्णबधिरांच्या उपयोगी पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनतारी प्रेषक आणि कंप निर्माण करणारी छोटी यंत्रे आल्याने भिंतीत तारा टाकण्याची गरज कमी झाली.

घराच्या दाराची सूचना

सर्वांत साधी व्यवस्था म्हणजे दाराबाहेरील कळ दाबताच घरातील दिव्याची उघडझाप होणे. कुशल वायरमन एका रिलेच्या साहाय्याने ती नेहमीच्या दिव्यावरही बसवू शकतो. दिवा कोठे लावायचा हा मात्र विचाराचा भाग आहे. बैठकीतील एकच दिवा स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या व्यक्तीला दिसत नाही. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, स्नानगृहाबाहेरची जागा आणि ज्यांच्याकडे पूजेला वेळ दिला जातो त्यांच्याकडे देवघर, अशा प्रत्येक ठिकाणी सूचना पोहोचावी लागते. भर दुपारच्या उजेडात मंद रंगीत दिवा निरुपयोगी ठरतो. मोतीबिंदू असलेल्यांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र असते.

उघडझापीचा वेगही महत्त्वाचा आहे. अतिवेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे काही अपस्मारग्रस्तांना झटका येऊ शकतो. अग्निसूचक दिव्यांसाठीच्या अमेरिकी व युरोपीय मानकांत सेकंदाला दोनपेक्षा अधिक वेळा उघडझाप होऊ नये असे बंधन आहे आणि दारघंटीच्या दिव्यालाही तेच लावणे शहाणपणाचे आहे.

दुसरा मार्ग कंपनाचा. मनगटावर, खिशात किंवा कमरपट्ट्यावर ठेवण्याचे छोटे यंत्र कळ दाबताच थरथरते. रात्रीसाठी उशीखाली किंवा गादीखाली ठेवण्याची चकती मिळते. व्यक्ती कोणत्याही खोलीत असली तरी सूचना तिच्याबरोबर फिरते, हा या साधनाचा मोठा गुण. दोष असा की ते अंगावर असेल तरच उपयोगी. वयोमानाने, तसेच मधुमेहामुळे नसांवर परिणाम झाल्यास स्पर्शाची, विशेषतः कंपनाची जाणीव मंदावते. त्यामुळे यंत्र विकत घेण्यापूर्वी प्रत्यक्ष वापरून पाहणे इष्ट.

बिनतारी संच विकत आणून लगेच बसविता येतात. बरेचसे स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतात. वेष्टनावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट भिंतींतून तो बराच घटतो. एकाच मजल्यावर एकाच कंपनीचे दोन संच असल्यास शेजारच्या घराची कळ दाबली असता या घरातील दिवा लागण्याचा प्रकारही घडतो. बहुतेक संचांत संकेत बदलण्याची सोय असते. ती वेळीच वापरली नाही, तर चार वेळा उगाच दार उघडून पाहिल्यावर वृद्ध व्यक्तीचा त्या दिव्यावरचा विश्वास उडतो आणि पाचव्या वेळी खरा पाहुणा बाहेर तिष्ठत राहतो.

स्मार्टफोनने यात नवी भर घातली. ॲपलने २०२० मध्ये आयओएस १४ मध्ये आणि गूगलने त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये दारघंटी, दारावरची थाप, धूरसूचक इत्यादी आवाज ओळखून पडद्यावर व कंपनाने सूचना देण्याची सोय आणली. तिच्यासाठी घंटी बदलावी लागत नाही. तथापि फोन घंटीच्या आवाजाच्या टप्प्यात आणि चार्ज केलेला असावा लागतो. आणीबाणीत या सोयीवर विसंबू नये, असे ॲपलने स्वतःच स्पष्ट केले आहे.

कर्णबधिरांसाठी प्रशिक्षित श्वान हा आणखी एक मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून ‘हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल’ ही संस्था असे श्वान तयार करते. घंटी वाजली की श्वान मालकाला पंजाने स्पर्श करून दाराकडे नेतो. भारतात ही प्रथा रुजलेली नाही.

मुख्य प्रवेशद्वार

सामाईक इमारतीतील खरी अडचण येथे आहे आणि बाजारातील बहुतेक साधने तिच्याकडे पाठ फिरवतात. घराच्या दाराशी दिवा बसविला, तरी पाहुणा त्या दारापर्यंत पोहोचतच नसेल तर दिव्याचा उपयोग शून्य.

विद्युत कुलूप असलेल्या इमारतीत पाहुणा खालच्या फलकावर घराचा क्रमांक दाबतो, वर इंटरकॉम वाजतो, आतील व्यक्ती ‘कोण?’ असे विचारते आणि बटण दाबून कुलूप उघडते. या साखळीतील पहिल्या दोन्ही कड्या, म्हणजे वाजणे आणि विचारणे, कर्णबधिर व्यक्तीसाठी तुटलेल्या असतात. पहिली कडी जोडण्यासाठी इंटरकॉमच्या घंटीला प्रेषक जोडून तोच संदेश घरातील दिव्याकडे किंवा कंपकाकडे वळविता येतो. मुख्य दाराची आणि घराच्या दाराची सूचना वेगवेगळी असणे चांगले, उदाहरणार्थ एकास दोन वेळा उघडझाप तर दुसऱ्यास चार वेळा. अन्यथा व्यक्ती घराचे दार उघडून रिकाम्या जिन्याकडे पाहत राहते. इंटरकॉमची तार सर्वांची असल्याने अशा जोडणीला इमारतीच्या व्यवस्थापनाची संमती लागते.

दुसरी कडी व्हिडिओ डोअर फोनने जुळते. पडद्यावर चेहरा दिसतो, ओळखीचा माणूस पटतो आणि अनोळखी माणूस ओळखपत्र किंवा कागदावर लिहिलेला मजकूर कॅमेऱ्यासमोर धरू शकतो. श्रवणयंत्रात टी-कॉइल असल्यास फलकात किंवा आतील संचात बसविलेला चुंबकीय वेटोळ्याचा भाग आवाज थेट यंत्रात पोहोचवितो आणि रस्त्याचा गोंगाट टाळला जातो.

वेळेची मर्यादा हा दुर्लक्षित मुद्दा आहे. अनेक फलकांवर काही सेकंदांत उत्तर न मिळाल्यास संपर्क आपोआप तुटतो. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला पलंगावरून उठून संचापर्यंत जायला त्याहून अधिक वेळ लागतो. ही मर्यादा आणि कुलूप उघडे राहण्याचा कालावधी बहुधा तंत्रज्ञाला वाढविता येतो. पण कोणी सांगितल्याशिवाय तो ते करीत नाही.

पाहुणाही कर्णबधिर असू शकतो. वृद्ध कर्णबधिरांचे स्नेही अनेकदा त्यांच्याच पिढीतील कर्णबधिर असतात. ‘वर घंटी वाजत आहे’, ‘उत्तर दिले’, ‘दार उघडले’ असे दर्शविणारे दिवे फलकावर नसतील, तर कुलूप उघडल्याचा बारीक ‘बझ्झ’ आवाज न कळल्याने तो दार ढकलतच नाही.

ओळख आणि सुरक्षितता

दार उघडण्यापूर्वी ‘कोण आहे?’ असे विचारून उत्तराची खात्री करून घेण्याची सोय ज्यांना नाही, त्यांच्या बाबतीत नुसती सूचना मिळणे धोक्याचेही ठरू शकते. दारातील मॅजिक आय हे जुने साधन उपयुक्त असले, तरी वाकलेल्या पाठीच्या किंवा व्हीलचेअरवरील व्यक्तीला ते फार उंच पडते आणि अंधूक दृष्टीला त्यातून चेहरा कळत नाही. जाळीचे सेफ्टी डोअर असल्यास आतले दार उघडून समोरासमोर पाहता येते, ओठ वाचता येतात, लिहून विचारता येते. या दृष्टीने भारतीय घरांतील हे दुसरे दार फार सोयीचे आहे.

घरात पडलेल्या किंवा बेशुद्ध झालेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्यासाठी दार बाहेरून उघडता येणेही तितकेच गरजेचे असते. बाहेरून हाका मारल्या तर ऐकू येणार नाहीत आणि आतून उत्तर आले नाही म्हणजे काही घडलेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये यासाठी अंकांच्या कुलपाची छोटी किल्लीपेटी दाराजवळच्या भिंतीत बसविण्याची पद्धत आहे. तिचा संकेतांक परिचारिका व नातलगांना दिलेला असतो. भारतात किल्ली बहुधा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवली जाते. आतून कडी-कोयंडा घातलेला असेल तर दोन्ही उपाय फोल ठरतात. त्यामुळे रात्री केवळ लॅच लावण्याची सवय करून घेणे श्रेयस्कर.

रात्र आणि अग्निसूचना

आग लागल्यावर सामाईक इमारतीतील माणसे एकमेकांची दारे वाजवून सर्वांना उठवितात. कर्णबधिर व्यक्ती या साखळीतून सुटते. म्हणून प्रवेशसूचना आणि अग्निसूचना एकत्र विचारात घेणे योग्य होय. दोहोंना एकच ग्राहक यंत्र चालते, मात्र आगीची सूचना रंगाने व कंपनाच्या लयीने निराळी हवी. नेहमीच्या धूरसूचकाचा सूर सुमारे ३१०० हर्ट्‌झचा, म्हणजे वृद्धांना न ऐकू येणाऱ्या पट्ट्यातला असतो. अमेरिकेच्या अग्निसंकेत मानकात झोपण्याच्या जागांसाठी ५२० हर्ट्‌झच्या खर्जातील सुराची तरतूद याच कारणाने आली. पूर्ण कर्णबधिरांसाठी त्याच मानकात ११० ते १७७ कँडेला तीव्रतेचे लखलखणारे दिवे सांगितले आहेत. छताजवळ धूर साचत असल्याने तेथील दिवा अधिक प्रखर लागतो. गाढ झोपेत केवळ प्रकाश पुरा पडेलच असे नाही, म्हणून उशीखालच्या कंपकाची जोड देतात.

कायदेशीर तरतुदी

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये लागू असलेल्या २०१० च्या समता कायद्याने घरमालकावर अपंग भाडेकरूसाठी वाजवी फेरबदल करण्याचे कर्तव्य टाकले आहे. इमारतीच्या भौतिक रचनेत बदल करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण दारघंटी किंवा दारप्रवेश यंत्रणा बदलणे, नव्याने बसविणे अथवा तिच्यात फेरफार करणे हा ‘भौतिक रचनेतील बदल’ मानला जाणार नाही, असे कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट नमूद आहे. एका ओळीची ही तरतूद या विषयात सर्वांत मोलाची म्हणता येईल, कारण ‘इमारतीत बदल करता येत नाही’ ही नेहमीची सबब तिच्यामुळे बाद होते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर कायद्याखाली पात्र व्यक्तींना १,००० पौंडांपर्यंतची साहाय्यक साधने व किरकोळ फेरफार स्थानिक प्रशासनाकडून विनामूल्य मिळतात.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली ‘कमी ऐकू येणारी’ मानली जाते. वार्धक्यामुळे अडचणीत आलेले पुष्कळ जण या मर्यादेच्या अलीकडे राहतात आणि प्रमाणपत्रास पात्र ठरत नाहीत. बेल मात्र त्यांनाही ऐकू येत नाही. अधिनियमात वाजवी सोयींचे तत्त्व मान्य केलेले आहे. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करावेत, असे निर्देश केंद्र सरकारला दिले. अर्थसाहाय्याच्या योजनांचा भर मात्र कानात घालण्याच्या यंत्रावर आहे. केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्रे दिली जातात आणि महाराष्ट्राच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साहाय्यक उपकरणांसाठी ३,००० रुपये मिळतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

मुंबई-पुण्यातील चाळी व वाडे यांत कर्णबधिर वृद्धासाठी वेगळी प्रवेशसूचना क्वचितच लागे. दार दिवसभर उघडे असे, येणारा गॅलरीतून दिसे, आणि नाही दिसला तर शेजारचे मूल आत येऊन आजीचा पदर ओढी. पुनर्विकासानंतर हीच माणसे उंच इमारतींत राहायला गेली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या प्रकल्पात १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी ५०० चौरस फुटांची घरे देण्यात येत आहेत. जागा वाढली, स्वच्छतागृह घरात आले, आणि दार बंद झाले. गॅलरीने फुकट दिलेली सूचना आता विकत घ्यावी लागते.

येथील मुख्य प्रवेशद्वारावर विद्युत कुलपापेक्षा वॉचमन अधिक आढळतो आणि तो इंटरकॉमवरून किंवा प्रवेशनोंदीच्या ॲपवरून परवानगी मागतो. ॲपची सूचना लिखित, अनेकदा छायाचित्रासह येत असल्याने ती कर्णबधिरांना सोयीची आहे. परंतु ठरावीक वेळात प्रतिसाद न मिळाल्यास काही ॲप आवाजी फोन करतात, आणि तेथे सारे अडते. नियमित येणाऱ्यांना पूर्वपरवानगी नोंदवून ठेवणे, दुसऱ्या शहरातील मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक पर्यायी म्हणून देणे, आणि वॉचमनच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर ‘या घरी इंटरकॉम न करता संदेश पाठवावा’ अशी सूचना लिहिणे, एवढ्याने बराच भार हलका होतो. वृद्ध व्यक्ती स्मार्टफोन वापरत नसेल तर वॉचमनच्या टेबलावरील एका कळीने घरातील दिवा लागेल अशी तार किंवा बिनतारी जोडणी करता येते. हा खर्च व्हिडिओ यंत्रणेच्या मानाने किरकोळ असतो.

खंडित वीजपुरवठ्यात सगळे दिवे बंद पडतात. त्यामुळे प्रेषक व ग्राहक दोन्ही बॅटरीवर चालणारे असावेत किंवा इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावेत. महिन्यातून एकदा, शक्यतो ठरावीक तारखेला, खालच्या दारापासून पलंगापर्यंत पूर्ण साखळी तपासावी लागते. वॉचमन बदलला की त्याला नव्याने सर्व समजावून द्यावे लागते, आणि मुंबई-पुण्यातील सोसायट्यांत वॉचमन वरचेवर बदलतात.